मधल्या खटक्यावरचा आवाज

त्याला सगळे मिलिमीटर म्हणत. हे नाव थोरल्या भावाने ठेवलेलं, आणि ठेवलं होतं चिडवायला. पण ज्याला चिडवायचं त्यालाच ते नाव आवडलं, त्यामुळे चिडवणाऱ्याची पंचाईत झाली. पुढे वादक, बाजारातले दुकानदार, शेजारचा लाँड्रीवाला, सगळे त्याच नावाने हाक मारू लागले. बायको एरवी साधं "अहो" म्हणे, पण रागावली की तीसुद्धा म्हणे, "अहो मिलिमीटर, ताट वाढलंय. की आधी ते टेबलाच्या बरोब्बर मध्ये आहे का ते मोजणार?"

जुन्या इलेक्ट्रिक गिटार दुरुस्त करणं हे त्याचं काम. जिन्याखालची एक खोली, गल्लीकडे उघडणारी एक खिडकी, खिडकीला लागून लांब टेबल आणि टेबलावर चौघडी केलेलं जुनं ब्लँकेट. भिंतीवर कानशी लहानापासून मोठीपर्यंत अशा टांगलेल्या, की एखादी काढली तर दात पडल्यासारखं दिसावं. शेजारच्या लाँड्रीतून इस्त्रीची वाफ आणि मालकाच्या गप्पा, दोन्ही दिवसभर आत येत. दाराला पाटी नव्हती. गिऱ्हाईक दारात उभं राहून विचारायचं, "मिलिमीटर इथेच बसतात ना?" आतून उत्तर यायचं, "बसतात. पाय पुसून या."

त्याची कामाची रीत ठरलेली. गिटार उघडण्याआधी सगळी मापं वहीत लिहायची. तारांची उंची, मानेचा बाक, मानेवरच्या पट्ट्यांमधलं अंतर. काढलेला प्रत्येक जुना भाग कागदी पाकिटात घालायचा आणि गिटारबरोबर परत द्यायचा, मग तो गंजका स्क्रू का असेना. "तुमची चीज तुमच्याकडे. मी मधला माणूस," असं तो म्हणे. काम संपलं की झाकण लावण्याआधी आतल्या लाकडावर पेन्सिलीने तारीख टाकायची आणि पुढे एकच शब्द लिहायचा, "दुरुस्त". गावातल्या निम्म्या गिटारींच्या पोटात त्याचं अक्षर होतं.

खोड एकच. वाकडं त्याला बघवत नसे. लोकांच्या घरी गेला की भिंतीवरचे फोटो सरळ करायचा, न विचारता. मेव्हण्याच्या लग्नात नवरा-नवरी बाजूला राहिली आणि हा गृहस्थ स्टेजवर चढून मागचा वाकडा पडदा ओढत बसला. अल्बममधल्या तीन फोटोंत त्याची पाठ आली आहे. बायको ते फोटो अजून पाहुण्यांना दाखवते.

अशा माणसाकडे सगळं गाव गिटार घेऊन यायचं. एक माणूस मात्र कधी आला नाही, आणि तो त्याचा सख्खा थोरला भाऊ होता. दादा दहा मिनिटांच्या अंतरावर राहायचा, हॉटेलांच्या हॉलमध्ये आणि लग्नाच्या पार्ट्यांमध्ये गिटार वाजवून त्याने संसार केला, आणि बत्तीस वर्षांत त्याने ती गिटार या दुकानाच्या उंबऱ्याला लावली नाही. मिलिमीटर याबद्दल कधी बोलला नाही. बोलायची गरजच नव्हती. कुणी नुसतं "तुमचे दादा..." म्हटलं तरी त्याचा चेहरा कडू औषध प्यायल्यासारखा व्हायचा.

मागच्या वर्षी दादा गेला. मिलिमीटर अंत्यविधीला गेला होता, गर्दीत मागे उभा राहिला, आणि सगळ्यांच्या आधी परत आला.

वर्ष होत आलं तेव्हा एका सकाळी वहिनी दुकानात आल्या. हातात गिटारचं जुनं काळं कव्हर, कोपऱ्यात चिकटपट्टी लावलेलं. त्यांनी पायही पुसले आणि मग हसल्या, कारण आतून कुणी "पुसा" म्हणालं नव्हतं.

"भावजी, ही बोलत नाहीये," त्या म्हणाल्या. "पावसाळाभर कपाटावर होती. नुसती खरखर करते, मग गप्प."

त्याने खुर्ची दिली. कव्हरची चेन उघडली. गडद लाल रंग, कडेला घासून लाकूड दिसेपर्यंत गेलेला. तारा तपकिरी, बटणं घट्ट झालेली. गिटार पन्नास वर्षांहून जुनी होती. त्याला ती बाहेरून पाठ होती.

"पुढच्या आठवड्यात मुलगी येतेय," वहिनी म्हणाल्या. "तिला वडिलांनी थोडं शिकवलंय. म्हटलं, तिने वाजवावं आणि मी ऐकावं. एकदाच. फोटो घरात ढीगभर आहेत, त्यांचं काय करायचं? हे तसे कमी बोलणारे. जे काय बोलायचे ते हिच्यातूनच. कुणीतरी फोनवर केलेलं एक रेकॉर्डिंग आहे, पण त्यात टाळ्याच जास्त ऐकू येतात. मला ह्यांचा आवाज हवाय, भावजी. तेवढं करून द्याल?"

"देईन," तो म्हणाला. आणि त्याला खरंच वाटलं की बत्तीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते आज उंबऱ्यातून आत आलं. उशिरा आलं, मालक गेल्यावर आलं, पण आलं. दादासाठी काही करायची ही शेवटची संधी होती, आणि ती हातची घालवायची नाही असं त्याने मनाशी ठरवलं.

मागचं थोडं सांगायला हवं. इलेक्ट्रिक गिटारच्या पोटात फार काही नसतं. तारांच्या खाली पट्ट्या बसवलेल्या असतात, त्यांना पिकअप म्हणतात. पट्टीत चुंबक आणि चुंबकाभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची तार थरथरली की हे वेढे ते थरथरणं उचलतात आणि स्पीकरकडे पाठवतात. दादाच्या गिटारला असे दोन पिकअप होते, आणि त्यांच्यातून निवडायला एक खटका. वर ढकलला की एक पिकअप, खाली ढकलला की दुसरा, मध्ये ठेवला की दोन्ही एकदम.

मिलिमीटर एकोणीस वर्षांचा होता आणि पंख्यांच्या मोटारी भरायच्या दुकानात कामाला होता, तेव्हा एका दुपारी दादा तोंड पाडून घरी आला. एक पिकअप बंद पडला होता आणि संध्याकाळी कार्यक्रम होता, दादाचा पहिला मोठा. गावात दुरुस्त करणारा कुणी नव्हता. "तू तारा गुंडाळतोस ना दिवसभर? मग ही पण गुंडाळ," दादा म्हणाला. घरात बारीक तार होती ती एका मोडक्या घड्याळाच्या मोटारीतली. गुंडाळायला यंत्र नव्हतं. आई शिलाई मशीनवर कुणाचे तरी पडदे शिवत होती. तिला उठवलं, मशीनच्या चाकावर पिकअप मेणाने चिकटवला आणि याने हाताने चाक फिरवायला सुरुवात केली. आई कमरेवर हात ठेवून उभी होती. "चाक उलटं फिरवू नकोस हं, दोरा तुटतो माझा," एवढंच ती म्हणाली. म्हणून ते सुलट फिरवलं. दादा मागे उभा राहून नखं खात होता. वेढे किती झाले ते याने मोजले नाहीत. आयुष्यात त्या एकाच दुपारी त्याने काहीही मोजलं नाही. तार संपली तेव्हा थांबला, टोक समोर जे सापडलं त्याने बांधलं, वर काळी टेप मारली, आणि दादा पळाला.

संध्याकाळी हॉलमध्ये पहिल्यांदा खटका मध्ये गेला तेव्हा आवाज आला तो पातळ, पोकळ, नाकातला. शेजारच्या खोलीत कुणी नाक दाबून गुणगुणावं तसा. दादा क्षणभर थांबला. मग वाजवायला लागला, आणि कार्यक्रम संपेपर्यंत त्याने खटका मधून हलवला नाही.

पुढे मिलिमीटर एका म्हाताऱ्या वाद्य कारागिराकडे सात वर्षं शिकला. तिथे त्याला कळलं की आपण काय करून ठेवलंय. मशीनचं सुलट चाक गिटारच्या हिशेबाने उलटं होतं. दुसऱ्या पिकअपचे वेढे एका दिशेने, आपले विरुद्ध दिशेने. दोन्ही एकदम चालू केले की एकमेकांचं खातात, आणि उरतो तो हा नाकातला आवाज. शिवाय तार चुकीची, वेढे कमी, गुंडाळणी ओबडधोबड. ज्याला भिंतीवरचा फोटो वाकडा चालत नाही, त्याची पहिली चूक रोज संध्याकाळी स्टेजवर चढून चारचौघांत बोलत होती. त्याने दादाच्या मागे टुमणं लावलं. "दादा, अर्ध्या दिवसाचं काम आहे, सरळ करून देतो." दादा म्हणायचा, "राहू दे रे." महिन्याने हा पुन्हा. "राहू दे म्हटलं ना, मिलिमीटर." नाव तेव्हाच पडलं.

हे तीनचार वर्षं चाललं. शेवटी एकदा तालमीत, पाचसहा वादक बसलेले असताना, याने परत विषय काढला. दादाने मान वर न करता सांगितलं, "ते काढलं मी. बाहेरगावी गेलो होतो ना, तिकडच्या एका मोठ्या कारागिराकडून नवीन गुंडाळून आणलं. झालं समाधान?"

वादक हसले. मिलिमीटर उठून बाहेर आला. पहिलं काम काढून टाकलं याचं दुःख नव्हतं, ते काम टाकण्याच्याच लायकीचं होतं. पण मी इथे शिकून सवरून बसलोय आणि सख्खा भाऊ परक्याच्या दारात गेला, हे त्याच्या मनाला लागलं. अढी बसली ती बसलीच. त्या दिवसापासून तो दादाच्या एकाही कार्यक्रमाला गेला नाही. दादा दर वेळी पाकिटात घालून दोन पास पाठवायचा. हा पाकीट न उघडता लाँड्रीवाल्याला द्यायचा. लाँड्रीवाला दुसऱ्या दिवशी खिडकीशी येऊन कौतुक सुरू करायचा, "काय वाजवलं हो तुमच्या दादांनी, मधेच असा काही..." आणि मिलिमीटर हातात कानस घ्यायचा आणि जे समोर असेल ते घासायला लागायचा. कानशीच्या आवाजात दुसरं काही ऐकू येत नाही. भाऊ भाऊ समारंभात भेटायचे. "बरा आहेस?" "बरा." तेवढंच.

आता ती गिटार त्याच्या टेबलावर उताणी पडली होती. त्याने मापं लिहिली. तारा काढल्या, खरखरणारी बटणं उघडली, आतला गंज साफ केला. मग पिकअप काढले. पहिला ठीक होता. दुसऱ्यावरची काळी टेप ताठ होऊन चिरली होती. त्याने ती सोलली आणि त्याच्या तोंडून हसूच फुटलं.

बायको डबा घेऊन आली होती. तिला त्याने भिंग दिलं. "बघ. हा दादाचा मोठा कारागीर. वेढे बघ कसे, कुठे डोंगर, कुठे खड्डा. आणि दिशा? उलटी. माझ्यासारखीच घोडचूक. मी निदान एकोणीस वर्षांचा होतो."

"मग तो मोठा कारागीर तुमच्याच वळणाचा निघाला की," बायको म्हणाली.

हे काही त्याला रुचलं नाही. "आणि टोक बांधलंय कशाने, तर हिरव्या दोऱ्याने. शिवणाच्या दोऱ्याने! कुणी बांधतं का असं?"

बिघाड खरं तर किरकोळ होता. बाहेरचं टोक गंजून तुटलं होतं. दोन वेढे सोडवून टोक साफ करून सोल्डरचा एक थेंब दिला असता तर पिकअप पुन्हा बोलला असता. मीटरवर त्याने ते पाहिलं, वहीत लिहिलंसुद्धा. शंभरातल्या नव्याण्णव कारागिरांनी तेवढंच केलं असतं. पण याच्या मनात बत्तीस वर्षांची अढी होती, आणि समोर त्या परक्या कारागिराचं वाकडं काम उघडं पडलं होतं. दादाला शेवटी नीट केलेली गिटार आपल्या हातून मिळावी, हा विचारही होता, नाही असं नाही. त्याने ब्लेड घेतलं, आणि गुंडाळणी उभी कापली. तारेचा झुबका निघाला, वेणीतून केस निघावेत तसा. दोरा त्याच्यातच होता. झुबका पाकिटात जायचा खरा, पण पाकिटात भाग जातात, कचरा नाही. तो केराच्या डब्यात गेला, आणि शुक्रवारी डबा रिकामा झाला.

मग त्याने नवीन तार लावली, नीट बारीक, नीट इनॅमलची. वाइंडिंगचं यंत्र, आकड्याचं काउंटर, सुलट दिशा, एकावर एक थर. चार दिवसांनी गिटार तयार झाली. आतल्या लाकडावर त्याने तारीख टाकली, पुढे "दुरुस्त" लिहिलं, आणि त्या शब्दाकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला.

रविवारी सकाळी वहिनी आणि पुतणी आल्या. पुतणी चाळिशीची, वडिलांसारखीच खांदे पाडून बसणारी. तिने गिटार मांडीवर घेतली, खटका मधे केला, तसं करताना बघितलंही नाही, आणि वाजवायला लागली. आवाज आला भरदार, गोल, स्वच्छ. एका सुराला डाग नाही. मिलिमीटर हात पुसत उभा होता आणि अशा कामानंतर येतं ते सुख त्याच्या चेहऱ्यावर होतं.

वहिनी मांडीवर हात ठेवून ऐकत होत्या. थोड्या वेळाने त्यांनी दाराकडे पाहिलं, कुणी यायचं राहिलंय अशा नजरेने.

"छान वाजतेय हो, भावजी," त्या म्हणाल्या. "अगदी नवी वाटते. पण ह्यांचा आवाज कुठाय?"

"हाच, वहिनी. उलट आता..."

"हा नाही. तो नाकातला. बारीक. लोक म्हणायचे ना, तुमच्या मिस्टरांची गिटार नाकात गाते."

"तो फार जुना," मिलिमीटर म्हणाला. "तो माझ्या चुकीमुळे होता. दादाने तो पिकअप केव्हाच बदलून घेतला. मोठ्या कारागिराकडून."

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"दादानेच. तालमीत, सगळ्यांसमोर."

वहिनी आधी हसल्या. मग त्याच्याकडे बघून त्यांचं हसू ओसरलं. "अहो भावजी, ती थाप होती. घरी येऊन मला म्हणाले होते, आज धाकट्याला थाप मारली. नाहीतर तो ती गिटार सरळ केल्याशिवाय काही मला सोडायचा नाही. कोण कुठला कारागीर? शेवटपर्यंत तेच होतं, तुम्ही सासूबाईंच्या मशीनवर केलेलं. ह्यांनी त्याला कुणाला हात लावू दिला नाही. ह्यांना वाटलं होतं, तुम्ही दोन दिवसांत भांडायला याल. मग हसून सांगू. तुम्ही आलातच नाही."

"मग सांगायचं ना नंतर," तो म्हणाला.

"मी म्हणायचे ना. पण हेही तुमचेच भाऊ. म्हणायचे, पास पाठवतोय की दर वेळी. एकदा येऊन बसला तर पहिल्या सुराला कळेल त्याला, माझ्या सांगण्याची गरज नाही." वहिनींनी पदर सावरला. "तुम्ही उघडलंत तेव्हा दिसला असेल ना हिरवा दोरा? सासूबाईंचा, पडद्याचा. आतली दुसरी एक तार तुटली म्हणून झाकण उघडलं होतं, तेव्हा टेपच्या कडेतून डोकावत होता, तो ह्यांनी मला दाखवला होता."

"दिसला," मिलिमीटर म्हणाला.

"मग?"

त्याने आठवडाभराचा वेळ मागितला. पुतणीने पाकीट उघडून पाहिलं. त्यात गंजके स्क्रू होते, एक जुनं बटण होतं, तारांच्या दोन खुंट्या होत्या. सगळं होतं.

त्या गेल्यावर तो केराच्या डब्याकडे गेला, डबा रिकामा आहे हे माहीत असूनही. मग टेबलाखाली गुडघे टेकून झाडून काढलं. बायको दारात येऊन उभी राहिली, मग तिने बॅटरी आणून टेबलाखाली उजेड धरला. तिला कळलं होतं.

पास. बत्तीस वर्षांत किती कार्यक्रम झाले असतील, आणि किती पाकिटं त्याने न उघडता खिडकीतून पलीकडे दिली. एकदा जरी गेला असता. एकदा जरी कानस खाली ठेवून लाँड्रीवाल्याचं वाक्य पुरं होऊ दिलं असतं. दादाने थाप मारली ती एका ओळीची होती. याने ती बत्तीस वर्षं सांभाळली, वाढवली, आणि शेवटी स्वतःच्या हाताने खरी करून दाखवली. आता दादाच्या गिटारीत खरंच दुसऱ्या कारागिराचं काम होतं. चांगलं, मोजलेलं, सुलट.

आईचं मशीन याच्याच घरात होतं, खिडकीशी, वर बायकोची कुंडी. कुंडी उतरवली, चाकाला तेल दिलं. घड्याळाच्या मोटारीतली तार जुन्या बाजारात शोधून आणली. पिकअप मेणाने चिकटवला आणि चाक फिरवायला बसला. पहिली गुंडाळणी झाली ती यंत्रावरच्यासारखी, थराला थर लागलेला. हाताला आता दुसरं येतच नव्हतं. ती कापली. दुसऱ्या वेळी त्याने मुद्दाम वाकडी केली. मुद्दाम केलेली लगेच दिसते, डोंगरसुद्धा सारख्या अंतरावर पडले. तीही कापली.

"मोजू नका ना," बायको म्हणाली.

"मोजत नाहीये."

"ओठ हलतायत तुमचे."

तिसऱ्या वेळी त्याने डोळे मिटले. तरी आत कुणीतरी आकडे म्हणत होतं, हजार झाले की श्वास घेत होतं. एकोणीस वर्षांचा, घाईत असलेला, काही न येणारा तो मुलगा कुठून आणायचा? आणि पाठीमागे नखं खात उभा राहायला दादा? तार संपली तिथे तो थांबला. टोक बांधायला बायकोने पुढे हिरव्या दोऱ्याचं रीळ केलं. त्याने ते घेतलं नाही. पांढऱ्या दोऱ्याने बांधलं. खोटं नको, एवढंच त्याला सुचलं. आतल्या लाकडावरचा "दुरुस्त" हा शब्द खोडला, तारीख राहू दिली.

शनिवारी दुपारी तो स्वतः गिटार घेऊन वहिनींकडे गेला. दहा मिनिटांचा रस्ता. दादाच्या खोलीत खिडकीखाली स्पीकर होता, शेजारी पाठ झिजलेली खुर्ची, आणि भिंतीवर दादाचा फोटो किंचित डावीकडे कललेला. मिलिमीटरचा हात त्याच्याकडे गेला आणि अर्ध्यात थांबला.

"वहिनी, तो दोरा मी कापला," तो उभ्या उभ्याच म्हणाला. "तारही कापली. साधं टोक जोडायचं काम होतं, मला दिसलं होतं. मला वाटलं दुसऱ्या कुणाचं आहे. म्हणून जास्त खुशीने कापलं. आता हे परत केलंय, तसंच, त्याच मशीनवर. पण ते तसं होत नाहीये. तीन वेळा केलं."

वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यांनी ते लपवलं नाही. "विचारायचं होतं हो, भावजी," एवढंच त्या म्हणाल्या. "दोघांनीही."

पुतणीने गिटार घेतली. खटका मधे. आवाज आला नाकातला, पातळ, पोकळ. जुन्याच्या जवळ येणारा, पण जरासा शहाणा, जरासा जपून पाऊल टाकणारा. तिने वडिलांची नेहमीची सुरुवात वाजवली. वहिनींनी डोळे मिटले. मिलिमीटर त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होता. इतक्या बारकाईने त्याने कधी मीटरकडेही पाहिलं नव्हतं.

"हा ह्यांचा नाही," वहिनी डोळे न उघडता म्हणाल्या. आणि थोडं ऐकून, "पण ह्यांचा भाऊ असेल असा वाटतो."

पुतणी थांबली. "वाजव गं," वहिनी म्हणाल्या. "भावजी, बसा तुम्ही. उभे का?"

दाराजवळ एक खुर्ची होती. मिलिमीटर तिच्यावर बसला, हात मांडीवर ठेवून. बत्तीस वर्षांनी तो दादाची गिटार ऐकायला बसला होता, आणि ती दादाची राहिली नव्हती.